तलवारीचा हर्रास

"ते सारं ठीक आहे बे, पण घेईन कोन?"

कृषी केंद्रवाल्यानं हे विचारलं आणि आमचा डाव तिथंच अटकला. चार महिने खपून, दोन पात्रं मारून घेऊन पोट्ट्यांनी एका भुताच्या तळघरातून जादूची तलवार वर काढली होती, पातं अंधारात निळं चमकायचं वगैरे, आणि आता ती विकून त्यांना चिलखत घ्यायचं होतं. मी पुस्तक उघडून भाव वाचला, 2,315 सोन्याची नाणी. आणि समोरचा माणूस, जो दिवसभर युरिया आणि फवारणीची औषधं विकतो नि ज्याच्या लाल वहीत अर्ध्या गावाची उधारी आहे, तो तूरडाळीचा भाव विचारावा तसा विचारतो, घेईन कोन.

सांगायचं राहिलं, हे सगळं खेळातलं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा कोणी मांत्रिक, आणि काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मी हे नागपूरला हॉस्टेलमध्ये शिकलो. येताना सिनियरनं दिलेलं साडेतीन नंबरच्या आवृत्तीचं झेरॉक्स घेऊन आलो, 2003 सालची ती, स्पायरल बाइंडिंग आता निम्मं तुटलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात हा खेळ चालेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, संध्याकाळी लाइट गेली की पोट्टे तिथंच बसून राहायचे, एक दिवस मी गोष्ट सुरू केली नि मग सुटलीच नाही. आता कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत खेळतो, खताच्या पोत्यांवर प्लायवूड टाकून. मी, मास्तर, कृषी केंद्रवाला, एक ट्रॅक्टरवाला आणि एक एमपीएससीवाला. उन्हाळ्यात जवळजवळ रोज, पेरणीला बंद, पोळ्याला एक जोरदार, मग वेचणी आटोपेपर्यंत जमलं तर जमलं.

सुरुवातीला फासाही नव्हता, स्टीलच्या गिलासात वीस चिठ्ठ्या होत्या. आणि नाणी म्हणून चिंचोके. एक चिंचोका म्हणजे दहा सोन्याची नाणी, असा हिशेब. हे दोन महिने मस्त चाललं, मग ट्रॅक्टरवाला एका रविवारी अचानक श्रीमंत झाला. त्याच्या योद्ध्यानं घोडा घेतला, ढाल घेतली, खानावळीत सगळ्यांना जेवण दिलं. मास्तरला संशय आला, त्यानं त्याचा चिंचोक्यांचा ढीग पुढं ओढला नि एकेक उचलून पाहायला लागला. आमचे जुने चिंचोके हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले, काळे, तेल लावल्यासारखे. याच्यातले निम्मे लालसर, धारेवर चिंचेचा गर वाळून चिकटलेला, एकाला तर अजून दोरा होता. शाळेमागच्या झाडाखालून आणले होते साल्यानं, खिसा भरून! नाव काढलं तर म्हणे, "मी काय चोरलं का कोनाचं? झाडाखालीच तं पडले होते."

आता गंमत अशी की खेळातले वीर दुसरं काय करतात? तळघरात जातात, ड्रॅगनच्या बुडाखाली पडलेलं सोनं पोत्यात भरतात नि एका दिवसात गावात आणून ओततात. गावात बकऱ्या तेवढ्याच, ज्वारी तेवढीच. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की कधीकाळी कापसाला असा भाव आला होता की लोकांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. ही 1861 ते 1865 ची गोष्ट, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. युद्ध संपलं नि भाव खाली आला. चांदीची धाव खरोखर कोणी बसवली का कोण जाणे, पण ड्रॅगन मारल्यानंतरच्या वर्षी गावात काय होत असेल याचा विचार करताना मला पुस्तकातले तक्ते कामाला येत नाहीत, त्या धावा येतात.

तर चिंचोके बंद झाले. कृषी केंद्रवाल्यानं एक कोरी वही दिली, डावीकडे जमा उजवीकडे नावे, आणि तिथून आमच्या खेळाचं अर्थकारण त्याच्या हातात गेलं. मला तेव्हा कळलं नव्हतं की काय सोपवलं आपण.

पुन्हा तलवारीकडे. 2,315 म्हणजे साध्या तलवारीचे 15, उत्तम घडणीचे 300, आणि जादूचे 2,000. ही सगळ्यात खालची, एक नंबरची जादू. दोन नंबरला 8,000, तीनला 18,000, पाचला 50,000, आकड्याचा वर्ग करून दोन हजारानं गुणायचं. आता त्याच पुस्तकात बिनहुन्नरी मजुराची रोजी लिहिलेली आहे, दिवसाला चांदीचं एक नाणं. दहा चांदी म्हणजे एक सोनं. मास्तरनं मोबाइलवर हिशेब केला नि मोबाइल उलटा करून सगळ्यांना दाखवला. 23,150 दिवस. एकही सुटी न घेता, काही न खाता, 63 वर्षं. ट्रॅक्टरवाला म्हणे, "मंग ते तलवार कोन्या मजुरानं पाह्यली बी नसन."

आणि पुस्तकाला हे माहीत आहे बरं का. त्याच्यात गावांचा तक्ता आहे. 401 ते 900 वस्तीचं गाव असलं तर तिथं 200 सोन्याच्या वरची वस्तू मिळायची आशा ठेवू नये. माझ्या खेळातल्या गावाची वस्ती 800 धरली होती, आमच्याच गावावरून. त्याच तक्त्याच्या सूत्रानं गावातला सगळा रोकडा काढला तर 8,000 निघतो. म्हणजे तलवारीपुरता पैसा गावात आहे, तिप्पट आहे. पण तो 800 माणसांच्या ट्रंकेत, मडक्यात, लुगड्याच्या ओच्यात आहे नि त्यातल्या एकालाही तलवार नको. कृषी केंद्रवाल्यानं तक्ता न बघता जे विचारलं ते हेच.

या खेळाचा जन्म 1974 चा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी काढला, अमेरिकेत. जुन्या नियमांत एक अजब गोष्ट होती, जेवढं सोनं बाहेर आणाल तेवढा अनुभव, एका नाण्याला एक गुण. म्हणजे सोनं खर्च करायचं म्हणून नाही, आणलं हेच मोठेपण. मग पोत्यांनी साचलेल्या सोन्याचं करायचं काय, तर वरच्या पायरीला जायला गुरूची फी, आठवड्याला 1,500 गुणिले तुमची पायरी. शिकवणीवाले सगळीकडे सारखेच. पुढे 2000 साली तिसरी आवृत्ती आली नि तिनं सगळ्याला भाव लावला, जादूची प्रत्येक वस्तू दुकानात ठेवल्यासारखी. स्वतः बनवायची तर निम्मा खर्च, आणि वर स्वतःच्या अनुभवातले गुण जाळायचे, आमच्या तलवारीला 80. मला हा नियम आवडायचा. तलवार बनवणाऱ्याच्या अंगातलं काहीतरी कायमचं तिच्यात जातं, आणि विकायला गेलं की ते कोणी मोजत नाही. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत तर भावच पुसट करून टाकले, दुर्मिळ वस्तू म्हणजे 501 ते 5,000 च्या मधे कुठंतरी. ही आमच्या बैलबाजाराची पद्धत झाली. भाव सांगायचा नाही, चहा पिऊन मग बोलू.

पोट्टे काही ऐकेनात. म्हणे मोठ्या बाजाराला जाऊ. मी खेळात चार दिवसांच्या वाटेवर एक बाजाराचं शहर ठेवलं होतं, 3,400 वस्तीचं, तिथं तक्त्याप्रमाणं 3,000 पर्यंतचा माल चालतो. गेले. वाटेत दोनदा लांडगे. तिथं मी ठरवलं होतं की व्यापारी तलवार बघेल, पुस्तकाप्रमाणं निम्मे म्हणजे 1,157 देईल, विषय संपला. पण त्या दिवशी सकाळीच मी बाबांसोबत कापूस घेऊन बाजारात जाऊन आलो होतो नि डोकं तापलेलं होतं. कोणत्या बाजारात ते सोडा. तर मी व्यापारी झालो, गळ्यातला दुपट्टा काढून हातावर टाकला नि म्हटलं, हर्रास लावू.

"पातं बरं आहे," मी म्हटलं. "पण निळं जास्त आहे."

एमपीएससीवाला, योद्धा त्याचा, म्हणे, "निळं जास्त म्हनजे?"

"गिऱ्हाईक पांढरं मागते."

"जादूची आहे ना पण!"

"जादू आहे, मी कुठं नाही म्हनतो. पण मुठीत ओल धरली आहे. तळघरातली आहे नं? बारा टक्क्याच्या वर ओल असन तं मले घेताच येत नाही."

इथं कृषी केंद्रवाला खो खो हसायला लागला, कारण कापूस खरेदीतला बारा टक्के ओलाव्याचा हा आकडा आमच्याकडच्या लेकरालाही माहीत आहे. मी थांबलो नाही. दुसरा व्यापारी झालो, तलवार उचलल्यासारखी केली, बोटानं धार बघितली नि म्हटलं, हे तर फरदड आहे, पहिल्या वेच्याचा माल नाही. मग दुपट्ट्याखाली हात घालून मास्तरचीच बोटं दाबली, बैलबाजारातले दलाल दाबतात तशी, आणि मास्तरनं गंभीर तोंड करून मान हलवली. शेवटी बोली 640 वर तुटली. तोलाई, हमाली, अडत काढून हातात 590.

एमपीएससीवाला खरंच चिडला. पुस्तक ओढून घेतलं, पान काढलं. "इथं लिहिलं आहे! निम्मा भाव! 1,157!"

मास्तर म्हणे, "हमीभाव बी लिहिलाच राह्यते बावा."

खोलीत कोणी काही बोललं नाही जरा वेळ. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल, हे सगळ्यांना पाठ. आणि सकाळी माझ्या बाबांना काय मिळालं तेही सगळ्यांना माहीत होतं, गावात अशा गोष्टी राहत नाहीत.

तलवार विकली नाही. परत आणली चार दिवस चालून, आणि मग कृषी केंद्रवाल्यानं त्याचं खरं रूप दाखवलं. त्याचं पात्र म्हणजे एक बुटका, कुऱ्हाडवाला, तोवर कोणाच्या लक्षात राहावं असं त्यानं काही केलं नव्हतं. तो म्हणे, "विकू नोको. माह्याजोळ गहाण ठेव. चारशे देतो आजच्या आज, पीक निंगाल्यावर दिढीनं वापस कर."

"पीक? कोनाचं पीक?"

"तुह्यं नाही तं गावाचं. कोनाचं तं निंगन."

पुस्तकात शेकडो वस्तूंचे भाव आहेत. उधारी कुठंच नाही! हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. सगळे व्यवहार रोख, आज, समोरासमोर. जखम बरी करायचं साधं औषध घ्या, 50 सोन्याची नाणी, म्हणजे त्या मजुराच्या 500 दिवसांची रोजी. बैलानं शिंग मारलं तर तो मजूर हे औषध कुठून घेणार? नियमाप्रमाणं मरणार. खरं म्हणजे वैद्याच्या दारात त्याचा पोरगा उभा राहील, वैद्य आधी कुरकुर करेल, मग वहीत लिहील, मग दोन वर्षं त्या घराचं हरभऱ्याचं एक पोतं वैद्याच्या घरी पडेल आणि लग्नात वैद्याला पहिल्या पंगतीला बसवावं लागेल. असंच चालतं ना सगळं, खतही असंच जातं. तर मला खेळात पाऊस आणावा लागला. कॅलेंडर केलं, मृग टाकला, पेरणी, पोळा, वेचणी. पेरणीच्या दिवसांत गावात कोणाकडं फुटकं नाणं नसतं, तेव्हा वीर कितीही ओरडले तरी कोणी काही घेत नाही. दिवाळीनंतर हात मोकळे. बुटक्यानं तळघरात जायचं सोडलं नि वेशीजवळ दुकान टाकलं. पोट्टे ड्रॅगन मारायला निघाले की आधी त्याच्या दुकानासमोर उभे, "थोडं तेल दे, दोन औषधाच्या कुप्या दे, आल्यावर देतो." आणि तो विचारतो, "नाही आले तं?" हा प्रश्न पुस्तकाच्या कोणत्याच पानावर नाही नि खेळातला सगळ्यात भयंकर प्रश्न तोच आहे.

ट्रॅक्टरवाल्याचं वेगळंच. त्याला मी जादूच्या झोळीबद्दल सांगितलं, सगळ्यात मोठीच्या आत 1,500 पाउंड मावतात, म्हणजे पावणेसात क्विंटलच्या वर, आणि भरली काय रिकामी काय, वजन 60 पाउंडच, 27 किलो. किंमत 10,000. तो बराच वेळ विचार करत होता. मला वाटलं खूश होईल. म्हणे, "मंग माह्या ट्रॅक्टरले कोन पुसन?"

त्याच झोळीसारखी हुबेहूब दिसणारी दुसरी झोळी असते, ती आत घातलेलं सगळं खाऊन टाकते, हातसुद्धा. म्हणून पारख करायला मंत्र आहे, त्याला 100 नाण्यांचा मोती लागतो, कुटून दारूत मिसळायचा. हे सांगताना मी सहज म्हटलं की म्हणजे वस्तू खरी का खोटी हे कळायच्या आधीच शंभर गेले. नि मास्तर म्हणे, "टेस्टिंग फी." बस, एवढंच. पण सगळ्यांना कळलं. आमच्या ओळखीच्या एकानं, नाव घेत नाही, राइस पुलरच्या नादात वावराचा एक तुकडा घालवला. तांब्याचं भांडं, म्हणे वीज पडून त्याच्यात शक्ती आली, तांदळाचे दाणे ओढतं, बाहेरदेशाची कंपनी कोटीत घेते. भांडं त्यानं कधी हातातही धरलं नाही. फक्त टेस्टिंगची फी भरत गेला, एकदा शास्त्रज्ञ येणार म्हणून, एकदा त्यांचे खास कपडे यायचे म्हणून. मांडुळाचंही तेच, बिचारा गरीब साप, वजन करून करून लोक त्याचा भाव सांगतात. जादूटोण्याविरुद्ध 2013 पासून कायदा आहे, मांडुळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तरी हा बाजार आहेच. या बाजारात एक गंमत मी पाहिली आहे. वस्तूचा भाव कोटीत, विकणारे दहा, दलाल वीस, आणि घेणारा कायम दुसऱ्या देशात. घेईन कोन हे त्या माणसाला कोणी वेळेवर विचारलं असतं तर.

पाचव्या आवृत्तीत एक नियम आहे, जादूच्या वस्तूशी सूर जुळवावा लागतो, एका माणसाला जास्तीत जास्त तीन वस्तूंशी. आम्ही जुनी आवृत्ती खेळतो पण हा एक नियम मी उचलला. एमपीएससीवाला म्हणे, तीनच काऊन? मी म्हटलं, माझ्या बाबांकडे तर एकच आहे.

आमच्या घरी बैल नाहीत, चार वर्षं झाली. घुंगराची माळ आहे. कातडी पट्टा, त्यावर पितळेचे घुंगरू, मधे दोन मोठे, पट्टा आतून बैलाच्या घामानं काळा पडून चामड्यापेक्षा कडक झालेला. देवळीच्या वर खुंटीला टांगलेली. भंगारवाला एकदा आला, त्यानं ती काट्याच्या आकड्याला लावली, वजन सांगितलं, पितळेचा भाव सांगितला. बाबांनी काटा पाहिला नि माळ काढून घेतली. मी आत येऊन आईला सांगितलं की बाबांनी विकली नाही, बैलांची आठवण आहे ना. बाबा बाहेरून म्हणे, "आठवण गेली चुलीत, काटा खोटा आहे त्याचा." मग दुसरा भंगारवाला आला तेव्हाही दिली नाही, काटा बरा होता तरी.

पोळ्याला ती मागायला लोक येतात, तीन-चार घरचे. बाबा कोणाला द्यायची ते आधीच ठरवून असतात, आणि कशावर ठरवतात ते मला अजून उमगलं नाही. मागच्या पोळ्याला शेजारच्याच्या बैलाला होती. संध्याकाळी त्याचा पोरगा बैल घेऊन दारात आला, आईनं बैलाला ओवाळलं, हातावर बोजारा ठेवला, म्हणजे आपलीच माळ घातलेल्या बैलाला आपणच पैसे दिले. दुसऱ्या दिवशी माळ परत आली, तेल लावून, पुसून. बाबांनी खुंटीला टांगताना घुंगरू मोजले. एक कमी. ते काही बोलले नाहीत, पण येत्या पोळ्याला माळ कोणाकडे जाणार नाही एवढं नक्की कळलं.

खेळाचं म्हणाल तर तलवार अजून बुटक्याच्या पेटीत आहे. मागच्या डावात मी वेशीवर चाळीस गॉब्लिन आणले, रात्रीचे, मशाली घेऊन, खळ्यातल्या गंजीला आग लावलेली. एमपीएससीवाल्याच्या हातात साधी कुऱ्हाड. तो धावत दुकानासमोर, "तलवार काढ!"

कृषी केंद्रवाल्यानं वही उघडली. "चारशे दिढीनं सहाशे."

"अबे गाव जळून रायलं!"

"म्हनून तं सवाईनं पाचशे घेऊन रायलो. दुसऱ्याले देल्ली नसती."

मास्तर म्हणे तुझं दुकानही जळेल बह्याडा. तो म्हणे, मग तू जामीन राह. मास्तरच्या मांत्रिकाकडे 38 नाणी. ट्रॅक्टरवाला घोडा लिहून द्यायला तयार, तोच, चिंचोक्यांवर घेतलेला, म्हणून बुटका त्याला धरेना. तेवढ्यात खऱ्या दुकानाच्या शटरवर कोणीतरी थापा मारल्या, रात्री साडेदहाला, अळीचं औषध पाहिजे म्हणून, उधारीवर. तो उठून गेला. आम्ही वही उघडी तशीच ठेवून घरी आलो, नि दुसऱ्या दिवसापासून वेचणी लागली.